फणसाडच्या जंगलात पिसोरी दिसली!

मुरुडला जाणारे बहुतेक लोक जंजिरा बघतात, समुद्रात डुंबतात आणि परत येतात, पण तिथून जवळच फणसाड अभयारण्य आहे तिकडे फारसं कोणी वळत नाही. पूर्वी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं जंगल होतं हे, १९८६ मध्ये अभयारण्य झालं, साधारण ७० चौरस किमी. आम्ही गेलो ते शेकरू आणि पक्ष्यांसाठी. इथल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात, त्यातल्याच एका गाणीपाशी ऊन कलल्यावर गाईड काकांबरोबर गप्प बसलो होतो.

समोरच्या झाडीत पाचोळा वाजला. मला वाटलं रानकोंबडी असणार, ती अशीच खसखस करत चरते. काका हळूच म्हणाले, "ताई, हलू नका, पिसोरी आहे." आणि खरंच, जेमतेम सशाएवढं एक जनावर करवंदीच्या जाळीतून बाहेर आलं, आमच्यापासून चार-पाच हातांवर! पाठ बाकदार, तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पट्टे, गळ्यावर पण पांढरे पट्टे, आणि पाय तर पेन्सिलीएवढे बारीक, त्यावर हे धूड नाही पण धड तरी कसं पेलतं असं वाटावं. नाकाचं ओलं टोक सारखं हलत होतं. खाली पडलेलं कसलंसं फळ उचललं, चावलं, मधेच थांबून कान फिरवले. वरच्या ओठातून सुळ्याचं टोक दिसलं म्हणजे नर होता, कारण यांच्यात शिंगं कोणालाच नसतात, नराला सुळे असतात.

याला मूषकहरीण म्हणतात खरं पण हे खऱ्या हरणांच्या कुळातलं नाहीच. हरणाच्या पोटाला चार कप्पे, याच्या तीन, फार जुनं घराणं आहे हे. वजन तीनेक किलो. रात्री फिरणार, दिवसा झाडाच्या ढोलीत नाहीतर दगडांच्या कपारीत दडून बसणार, त्यामुळे जंगलात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांनाही क्वचितच दिसतं.

कॅमेरा मांडीवरच होता पण मी हात लावला नाही, शटरच्या आवाजाने तो गेला असता आणि मला फोटोपेक्षा तो हवा होता. तेवढ्यात वारा फिरला बहुतेक, त्याने मागचे पाय जमिनीवर टपटपटप आपटले (घाबरला की असंच करतात) आणि एका उडीत जाळीत गडप. मी त्याच जागेकडे बघत होते तरी ठिपके कुठे संपले आणि कवडसे कुठे सुरू झाले ते कळलंच नाही.

परतताना काका म्हणाले की उन्हाळ्यात कोणी वणवा लावला की मोठी जनावरं पळून तरी जातात, पिसोरीचा लपायचा पाचोळा आणि जाळ्याच जळून जातात. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे ही, वाघाच्या बरोबरीने. तेव्हा फणसाडला जाणार असाल तर बिडी-काडी गाडीतच ठेवा, पायवाट सोडू नका आणि बिबट्याच्या नादात धावपळ करण्यापेक्षा एखाद्या गाणीपाशी संध्याकाळ होईस्तोवर निवांत बसा.