मीबी भांडली होती

घाटंजी तालुक्यातल्या एका गावात दर महिन्याला समाजमंदिरात आमची एकल महिलांची बैठक भरते. बहुतेकींचे नवरे कापसाच्या कर्जापायी गेलेले. मी कार्यकर्ती, सतरंजी अंथरते. बैठक त्याच चालवतात.

त्या दिवशी ती नवीन आली आणि दाराशी, चपलांजवळच बसली. पंचविशीची असेल. नवऱ्याला जाऊन दोन महिने झालेले. तेवढ्यात मी चारदा तिच्या घरी गेले होते, दर वेळी "ताई, यात तुमची काही चूक नाही" म्हणाले होते. ती मान हलवायची. आताही मांडीवर प्लास्टिकची पिशवी, आत सातबारा न् मृत्यूचा दाखला. पिशवीचं तोंड ती सारखी पिळत होती.

सगळ्यांत थोरल्या काकूंनी कागदांचं विचारलंच नाही. "जेवली का वं माय?"

बऱ्याच वेळानं ती खाली पाहत बोलली. "त्या दिवशी सकाळी मी भांडली होती. दुबार पेरणीले पैसे नव्हते. डोरलं गहाण ठेवतो म्हणे. मी नाही म्हणलं."

मी काही म्हणणार, तोच काकू म्हणाल्या, "मीबी भांडली होती. गायीवरून."

"मी तं माहेरी निघून गेली होती," भिंतीशी टेकलेली एक म्हणाली. आणखी एकीनं नुसता हात वर केला.

ती रडली. हंबरडा फोडून रडली. कोणीही तिला गप्प केलं नाही. काकूंनी तिच्या मुठीतली पिशवी हळूच सोडवून घेतली.

समुपदेशनाचं प्रशिक्षण मी घेतलं आहे, ते कामीही येतं. पण 'मीबी' हा शब्द माझ्याकडे नाही.

चहा झाल्यावर पिशवी उघडली. शेत नवऱ्याच्या नावावर, आणि सासरा म्हणतो, "ते आता माझ्या नावानं होईल." चौघी एकदम बोलायला लागल्या. वारस म्हणजे बायको, लेकरं आणि नवऱ्याची माय, सारख्या वाट्याचे. सासरा त्यात येत नाही. तलाठ्याकडं वारसनोंदीचा अर्ज आधी. सरकारी मदत 1 लाखाची, त्यातले 30 हजार हाती आणि 70 हजार ठेवीत. पण जिल्हा समितीत प्रकरण पात्र ठरलं तरच, म्हणून कर्जाचे कागद जपायचे.

"बँकेची नोटीस आली असंन तं फाडू नको," एकीनं बजावलं. तिनं स्वतः फाडली होती.

निघताना काकू चपला घालत म्हणाल्या, "बुधवारी तलाठ्याकडं मी येतो तुह्यासंगं. दिवस मोडते तिथं, दोन भाकरी जास्तीच्या बांधजो."