रतनगड ते हरिश्चंद्रगड: टाक्यांचं पाणी आणि एक रबरी वॉशर

रतनवाडीत अमृतेश्वराच्या देवळाशी आम्ही तिघींनी सॅक पुन्हा एकदा उचकटल्या आणि जास्तीच्या पाण्याच्या बाटल्या गाडीत परत ठेवल्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यात कुठे घासाघीस होत नाही. रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि हरिश्चंद्रगड, असा तीन दिवसांचा बेत होता. प्रत्येकीकडे दोन लिटर पाणी आणि माझ्या सॅकच्या वरच्या कप्प्यात फिल्टर.

हा फिल्टर मी एका आजारपणानंतर घेतला. तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गडावर टाक्याचा तळ स्वच्छ दिसत होता, पाणी बर्फासारखं गार होतं, म्हणून ओंजळीनेच प्यायले. आठवड्याभराने पोट बिघडलं आणि तपासणीत जिआर्डिया नावाचा आतड्यातला परजीवी निघाला. त्या दुखण्यात एक गोष्ट पक्की कळली, की नितळ पाणी आणि निर्धोक पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

फिल्टर म्हणजे मुठीत मावणारी नळी, वजन शंभर ग्रॅमच्या आत. आत शेवयांसारख्या बारीक, पोकळ धाग्यांचा जुडगा असतो आणि त्या धाग्यांच्या भिंतींना 0.1 मायक्रॉनची छिद्रं असतात (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). जिआर्डियाची पुटी, म्हणजे त्याचं कवचातलं रूप, साधारण 8 ते 12 मायक्रॉनची, त्यामुळे ती बाहेरच अडते. पटकीचे आणि हगवणीचे जिवाणूही अडतात. पिशवीत टाक्याचं पाणी भरायचं, तोंडाला नळी लावायची आणि पिशवी पिळायची, एवढंच काम.

रतनगडावर टाकी भरपूर आहेत. याच डोंगरात प्रवरा उगम पावते, पाण्याची ददात नाही. पण साचलेल्या पाण्यात ती मऊ पिशवी कितीही बुडवा, ती चपटीच राहते. मी एका बाटलीचा बुडखा कापून सोबत ठेवते, त्याने पाणी उपसते आणि पिशवीच्या तोंडावर चौपदरी फडकं धरून ओतते. उघड्या टाक्यातली हिरवी शेवाळ थेट आत गेली तर धागे तुंबतात आणि तासभर पिळूनही बाटली भरत नाही. कातळात आत खोदलेलं, सावलीतलं टाकं मिळालं तर मी तेच निवडते. तिथे ऊन पोहोचत नाही, म्हणून शेवाळही कमी.

फडक्याची सवय आजीची. तिच्या गावात लोकांच्या पायातून नारू निघायचा, काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचे. पाण्यातल्या बारीक किड्यांतून तो पोटात जातो आणि ते किडे फडक्याने गाळले जातात. 2000 साली भारत नारूमुक्त जाहीर झाला, तरी आजीने हंड्यावरचं फडकं शेवटपर्यंत काढलं नाही. बांगलादेशातल्या खेड्यांत जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळलं, तर पटकीचे रुग्ण 48 टक्क्यांनी घटले, असं 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. साडी जुनीच हवी, कारण धुऊन धुऊन तिचे धागे फुलतात आणि वीण दाट होते. हे वाचलं तेव्हा आजी असायला हवी होती, असं फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी कात्राबाईच्या रानात, ओढ्यात उरलेल्या एका डबक्याशी आम्ही थांबलो. मी पिशवी पिळत होते आणि खाली बाटली भरत होती. मैत्रीण म्हणाली, "अगं, नळी बाहेरून ओली का आहे?" पाहते तर पिशवीच्या आट्यांतून थेंब झिरपत होते आणि नळीवरून ओघळून थेट भरलेल्या बाटलीत पडत होते. डबक्याचं पाणी जसंच्या तसं! नळीच्या आट्यांत बसणारा काळा रबरी वॉशर जागेवर नव्हता. गवतात शोधलं, खिसे झाडले. शेवटी तो पिशवीच्याच तोंडाला चिकटलेला सापडला, आदल्या रात्री नळी काढताना तिथेच राहिला होता. ती बाटली ओतून दिली, तोंड पुसून वाळवलं आणि सगळं पुन्हा गाळलं. अर्धा तास गेला, पण घाई केली नाही.

कुमशेतच्या पुढे मुळेचं पात्र ओलांडून एका वाडीत टेकलो. मावशींनी न विचारता तांब्या पुढे केला. इथे माझी नेहमी घालमेल होते. वस्तीजवळच्या पाण्यात काविळीचे विषाणू असू शकतात. ते इतके सूक्ष्म, की माझ्या नळीतून सहज पार होतात. त्यावर क्लोरीनची गोळी किंवा उकळी हाच उपाय. पण कुणी प्रेमाने दिलेल्या पाण्यात तिच्यासमोर औषध टाकायचं? मी सरळ सांगितलं, "मावशी, माझं पोट एकदा फार बिघडलं होतं, म्हणून गोळी टाकते. राग मानू नका."

"राग कशाचा त्यात? टाक की. पान्याला आमची आशाताई बी पावसाळ्यात थेंबाची बाटली देती," त्या म्हणाल्या. "हिरीचं पानी हाय, मी गाळूनच भरते." आणि हंड्यावरचं फडकं उचलून दाखवलं. चार पदरी.

गोळी टाकून अर्धा तास थांबायचं असतं. तेवढ्यात कोरा चहा झाला, उकळलेलाच.

हरिश्चंद्रगडावर शनिवारची गर्दी. देवळाजवळच्या एका टाक्यात एक मुलगा मॅगीचं पातेलं साबण लावून विसळत होता. हे बघून जीव तुटतो. साबण पाण्यात विरघळतो आणि विरघळलेलं काहीही ही नळी अडवू शकत नाही. जंतू गाळता येतील, साबण नाही. "दादा, पाणी बाहेर घेऊन विसळ ना, सगळे हेच पितात," एवढंच म्हटलं. तो ओशाळला, पातेलं घेऊन उठला आणि मग त्याच्या मित्रांनाही त्याने हाक मारून सांगितलं.

घरी आल्यावर सिरिंजमध्ये स्वच्छ पाणी भरून नळी उलट्या दिशेने धुतली. पहिल्या तीन सिरिंजा गढूळ, पिवळसर निघाल्या. चौथी स्वच्छ. आता नळी खिडकीत वाळते आहे आणि वॉशर तिच्या आट्यांत आहे; आज दोनदा पाहिला.