तुम्ही विचारलंत म्हणून: ट्रॅकर असूनही तारे लांबट का येतात?

ताऱ्यांच्या फोटोसाठी आकाशाच्या गतीने कॅमेरा फिरवणारा ट्रॅकर घेतला, त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे साधला, १३५ मिमीची लेन्स लावून मृगातल्या तेजोमेघाला दोन मिनिटांचं एक्सपोजर दिलं, तरी तारे तांदळाच्या दाण्यासारखे लांबट आले. आता गाइड कॅमेरा (एका ताऱ्यावर नजर ठेवून ट्रॅकिंग सुधारणारा) घेऊ, की माउंटच (कॅमेरा पेलून फिरवणारं यंत्र) बदलू? थंडी पडली की हा प्रश्न हमखास येतो. आधी काहीच घेऊ नका. तारा कोणत्या दिशेला लांबलाय ते बघा. दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा त्या दिशेवरूनच कळतं, आणि बऱ्याचदा तो फुकटात दुरुस्त होतो.

दिशा अशी ओळखा. कॅमेरा मृगाकडेच राहू द्या. ७० सेकंदांचं एक्सपोजर सुरू करा आणि ६० सेकंद झाले की ट्रॅकर बंद करा. बटण दाबताना थोडा धक्का बसेल, चाचणीपुरता तो चालतो. उरलेल्या १० सेकंदांत प्रत्येक ताऱ्याला शेपटी फुटेल. मृग खगोलीय विषुववृत्तावर (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशपट्ट्यात) आहे. तिथे तारे सेकंदाला १५ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला) सरकतात, म्हणजे १० सेकंदांत १५०. पिक्सेल ४ मायक्रॉनचे असतील तर १३५ मिमीला एका पिक्सेलमध्ये साधारण ६ विकला मावतात. (२०६ गुणिले पिक्सेलचे मायक्रॉन, भागिले फोकल लेंग्थचे मिलिमीटर, हे सूत्र पाठच करून ठेवा.) म्हणून शेपटी २५ पिक्सेलची, सहज दिसेल अशी येते. तीच तुमच्या फ्रेममधली पूर्व-पश्चिम. आता कॅमेरा न फिरवता काढलेला बिघडलेला फोटो शेजारी ठेवा आणि दोन्ही शंभर टक्के मोठे करून बघा.

तारे शेपटीशी काटकोनात, म्हणजे उत्तर-दक्षिण लांबले असतील, तर पोलर अलाइनमेंट, म्हणजे ट्रॅकरचा अक्ष आकाशातल्या ध्रुवावर रोखणं, चुकलंय. इथे सर्वाधिक गडबड होते. ध्रुवतारा नेमका ध्रुवावर नाही, तो जवळजवळ ४० कला बाजूला आहे. पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीपेक्षाही जास्त. पोलर स्कोपच्या (ध्रुव साधायच्या छोट्या दुर्बिणीच्या) बरोबर मध्यावर तो आणून ठेवलात तर तेवढी चूक तुम्ही स्वतःहून बसवलीत. एक कला चुकीमागे तारा मिनिटाला जास्तीत जास्त पाव विकला सरकतो. ४० कलांना मिनिटाला १०, दोन मिनिटांत २०, म्हणजे तीन पिक्सेल. ध्रुवतारा त्या वेळी पोलर स्कोपमधल्या वर्तुळावर कुठे हवा हे मोबाइलच्या अ‍ॅपमध्ये बघून तिथेच ठेवा. चूक १० कलांवर आली की १३५ मिमीला दोन मिनिटं आरामात निघतात; ५०० मिमीच्या दुर्बिणीला मात्र तेवढीही खपत नाही.

आपल्याकडची खरी अडचण वेगळीच. ध्रुवतारा पुण्यात क्षितिजापासून साडेअठरा अंशांवर आणि पणजीत साडेपंधरा अंशांवर असतो. समोर इमारत, डोंगर किंवा नुसता धुरकट थर असला तरी तो गायब. अशा वेळी लॅपटॉपवर ‘नीना’ या खगोल-फोटोग्राफीच्या सॉफ्टवेअरमधलं तीन बिंदूंचं पोलर अलाइनमेंट वापरा, त्याला ध्रुवतारा दिसावा लागत नाही. आणि सगळं वजन चढवून, बोल्ट आवळून झाल्यावर पुन्हा एकदा तपासा. आवळतानाच माउंट हलतो आणि केलेली मेहनत वाया जाते.

तारे शेपटीच्याच दिशेने लांबले असतील तर आधी ट्रॅकिंगचा वेग चंद्राचा किंवा सूर्याचा तर लागलेला नाही ना, ते बघा. नसेल तर एकेक मिनिटाच्या दहा-बारा फ्रेम सलग काढा. काही स्वच्छ, काही वाईट आणि पुन्हा स्वच्छ, असा क्रम दिसला तर तो वर्म गिअरचा (अक्ष फिरवणाऱ्या स्क्रूसारख्या गिअरचा) दोष. स्टार अ‍ॅडव्हेंचरर या ट्रॅकरचा वर्म साधारण १० मिनिटांत एक फेरी पूर्ण करतो, एचईक्यू५ या माउंटचा ६३८ सेकंदांत. प्रत्येक गिअरमध्ये हा दोष थोडाफार असतोच. एक्सपोजर निम्मं करा आणि फ्रेम दुप्पट काढा. तोल अगदी काट्यावर न ठेवता पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवा, म्हणजे दाते एकमेकांना टेकून राहतात. एवढं करूनही अर्ध्याअधिक फ्रेम टाकाव्या लागत असतील, तेव्हा गाइड कॅमेऱ्यावर पैसे घाला.

दर फ्रेमला दिशा बदलत असेल तर वारा, लोंबणारी केबल किंवा पायाखालची जमीन. ट्रायपॉडच्या पायांचे सरकते भाग आत ढकलून उंची कमी करा. शेतात पायांखाली फरशीचे तुकडे ठेवा. गच्चीवर एक्सपोजर चालू असताना चालू नका, स्लॅबमधून हादरा थेट पोचतो.

मधले तारे गोल आणि फक्त कोपरे बिघडलेले असतील तर माउंटला दोष देऊ नका. लेन्स असेल तर एफ २ ऐवजी एफ ४ वर आणून बघा. दुर्बिणीला फ्लॅटनर (कोपऱ्यांतले तारेही नीट आणणारं भिंग) असेल तर त्याच्यापासून सेन्सरचं अंतर मोजा. बऱ्याच फ्लॅटनरना ते ५५ मिमी लागतं. कॅननच्या ईएफ डीएसएलआरचे (तोंडापासून सेन्सरपर्यंत) ४४ आणि टी-रिंगचे (कॅमेरा जोडायच्या कडीचे) ११ मिळून ते बरोबर जमतं. मध्ये २ मिमीचा फिल्टर आला की अंतर सुमारे ०.७ मिमीने वाढवावं लागतं. एकच कोपरा वाईट असेल तर कॅमेरा ९० अंश फिरवून पुन्हा फोटो काढा. फ्रेमचा तोच कोपरा वाईट राहिला तर सेन्सर किंवा अ‍ॅडॅप्टर तिरका आहे. वाईट कोपरा बदलला तर फोकसरचे (दुर्बिणीच्या फोकस करायच्या नळीचे) स्क्रू तपासा.