धडगावची पोस्टिंग: आठ आठवडे सातपुड्यात, आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं

एमबीबीएसच्या इंटर्नशिपमधल्या कम्युनिटी मेडिसिनच्या १२ आठवड्यांपैकी आठ मी धडगाव तालुक्यातल्या एका पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) काढले, जानेवारीच्या मध्यापासून होळीपर्यंत. मी अमळनेरची, घरात अहिराणीच, त्यामुळे नंदुरबार म्हणजे आपलाच मुलूख असं धरून निघाले होते. निघताना आजी म्हणाली, "पोरी, तठे जपीसन ऱ्हायजो." शहाद्याहून बस घाट चढायला लागली, शेजारच्या बायका बोलायला लागल्या आणि मला एक अक्षर कळेना. ती पावरी, इथल्या पावरा आदिवासींची बोली. पहिल्या दिवशी ओपीडीत "पोट दुखतं का" एवढं विचारायलाही सिस्टरांना हाक मारावी लागली, म्हणून जाणाऱ्यांना पहिलं हेच सांगते, पोचल्या दिवशी वही घ्या आणि सिस्टर किंवा आशाताईंकडून वीसेक वाक्यं लिहून घ्या, कुठे दुखतं, कधीपासून, लघवी होते का, बाळ दूध पितं का. त्या हसतील पण शिकवतील. तुम्ही तोडकंमोडकं बोललात तरी समोरची बाई मान वर करून बोलते, नाहीतर नुसती जमिनीकडे बघत बसते.

दुसरं म्हणजे ओपीडीतल्या खुर्चीत अडकू नका. इथे गाव म्हणजे एका जागी घरं नाहीत, ज्याचं त्याचं घर ज्याच्या त्याच्या शेतात, एका टेकडीवर एक आणि पुढच्या टेकडीवर दुसरं, पाच घरं करायची म्हटली तरी अर्धा दिवस जातो. मी आठवड्यातून तीन दिवस एएनएम सिस्टरांच्या (गावोगाव फिरणाऱ्या आरोग्यसेविकांच्या) मागे चालत जायचे आणि जे काही शिकले ते बहुतेक तिथेच. लहान मुलांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टी कशी लावायची हे पुस्तकात वाचलेलं होतं, ११.५ सेंमीच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण, पण रडणाऱ्या पोराचा हात हलू न देता, पट्टी न आवळता मोजणं हे आशाताईने शिकवलं, आणि आकडा लाल पट्ट्यात आला की आईला ओरडायचं नाही, आधी घरात काय शिजतं ते बघायचं, हेही.

आता ज्या केससाठी हे लिहायला बसले ती सांगते. जानेवारीच्या थंडीत एका पाड्यावरून नऊ वर्षांच्या मुलाला बांबूच्या झोळीतून आणलं, रस्ता गाडीचा नव्हता. दोन्ही पाय आणि पाठ दुखून पोरगं किंचाळत होतं. खाली सपाटीवर एका खाजगी दवाखान्यात त्याला दोन वर्षं संधिवात म्हणून इंजेक्शनं दिली होती, कोणी एकदाही सिकलसेलची (लाल रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात तो आनुवंशिक आजार) तपासणी केली नव्हती, आणि हा भाग कुठला, तर जिथे भिल्ल-पावरा समाजात सिकलसेल घरोघर माहीत आहे! मला राग आला होता आणि अजून आहे. डोळे पिवळसर, एचबी (हिमोग्लोबिन) कमी. सोल्युबिलिटी म्हणजे सिकलसेलची झटपट होणारी प्राथमिक तपासणी केली, पाणी गढूळ, मागची रेघ दिसेना. पण इथे नीट लक्षात ठेवा, सोल्युबिलिटीत वाहक (ज्याच्यात सिकलसेलचं एकच जनुक असतं तो) आणि रुग्ण दोघांचंही गढूळच होतं, तेवढ्यावर बापाला "तुमच्या मुलाला आजार आहे" असं सांगून मोकळं व्हायचं नाही, पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही हिमोग्लोबिनचा प्रकार ठरवणारी लॅबची तपासणी लागतेच. एमओ (वैद्यकीय अधिकारी) सरांनी सलाईन, दुखण्याचं औषध, उबदार पांघरूण असं सुरू केलं, ताप आणि ऑक्सिजन दर थोड्या वेळाने बघायला मला बसवलं. पहाटे पोरगं झोपलं. सकाळी बापाला सिस्टरांनी पावरीत समजावलं, थंडीत उघडं फिरू द्यायचं नाही, पाणी भरपूर, ताप आला की लगेच आणायचं. आई-बाप दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला आजार असण्याची चारातली एक शक्यता असते, हे सांगायला सिस्टरांनी चार दगड मांडले आणि एक बाजूला काढला. मी लेक्चरमध्ये इतकं स्वच्छ कधी ऐकलं नव्हतं.

पावसाळ्यात जाणार असाल तर मण्यारीचं पक्कं वाचून जा. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखतंय, पापण्या मिटतायत आणि चावल्याची खूणच नाही, अशा वेळी खूण शोधत बसायचं नाही, मण्यार चावली असं धरूनच चालायचं. सर्पविषावरच्या लसीचा डोस लहान मुलाला आणि मोठ्याला सारखाच.

स्थलांतराचंही भान ठेवा. दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातकडे जातात, बाळाचं कार्ड घरी आणि बाळ फडावर, मग डोस राहून जातात. होळीला मात्र बरेच परत येतात, त्यामुळे भोंगऱ्या बाजाराचा (होळीआधी भरणाऱ्या आदिवासींच्या बाजाराचा) आठवडा म्हणजे लसीकरणासाठी सोन्यासारखा, तेव्हा सुट्टी टाकून घरी पळू नका. त्याच दिवसांत होळीचं व्रत पाळणारा एकजण जुलाबाने गळून आला, व्रतात खाट चालत नाही म्हणून खाटेवर झोपायला तयार नाही. आमच्या एका इंटर्नचा आवाज चढला, सिस्टरांनी काही न बोलता खाली चटई टाकली, सलाईन खिडकीच्या गजाला अडकवलं, झालं काम.

सामान म्हणाल तर जाड स्वेटर, टॉर्च, मच्छरदाणी, चालायचे चांगले बूट, स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर. रोख पैसे ठेवा, रेंज पाड्यांवर मिळत नाही म्हणून गाइडलाइन्स आधीच डाउनलोड करा. परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ शहादा डेपोतच विचारून घ्या. खाण्याची चिंता नको, भाकरी, ठेचा, उडदाची डाळ, कोणाच्याही घरी गेलात तर जेवल्याशिवाय सोडत नाहीत, आणि नाही म्हणू नका.

निघताना मी फॉलोअपची वही सिस्टरांच्या कपाटात ठेवून आलेय, घराच्या खुणेसकट, कुठलं मोहाचं झाड, कुठला ओढा. पहिलंच नाव त्या मुलाचं आहे. एचपीएलसीचा रिपोर्ट मी असेपर्यंत आला नव्हता आणि धाकट्या बहिणीची तपासणी राहिलीये. पुढच्या बॅचमधून जो कोणी त्या पीएचसीला जाईल त्याने पहिल्या आठवड्यात तेवढं पान उघडा.