पाणी घातलं, तरी ९५!

गिऱ्हाईक तरुण होतं, बिल्डर लोकांना इमारतींचे थ्रीडी व्ह्यू करून देणारं. कॉम्प्युटरमध्ये रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर, त्याच्यावर साधा पंख्याचा कूलर. नागपुरातल्या मे महिन्यात रेंडर, म्हणजे थ्रीडी चित्र तयार करायचं काम, लावलं की पंखे बोंबलायचे आणि प्रोसेसरचं तापमान थेट ९५ अंशांवर. "भाऊ, वॉटर कूलिंग करून द्या, पूर्ण कस्टम," म्हणाला. सोबत वडील होते. त्यांनी पाइप हातात घेऊन बघितला. "लाईट अन् पाणी एकाच डब्ब्यात? काहून?"

प्रश्न रास्तच होता.

ऑनलाइन स्वस्तात मिळालेला ॲल्युमिनियमचा रेडिएटर त्याने आणला होता. तो मी बाजूला ठेवला. प्रोसेसरवर बसणारा, आतून पाणी खेळणारा ब्लॉक तांब्याचा असताना त्याच पाण्यात ॲल्युमिनियम आलं की ॲल्युमिनियम गंजत जातं. तांब्याचा ३६० मिलिमीटरचा, तीन पंख्यांचा रेडिएटर लावला. नळाचं पाणी का नको, हे काकांना सांगायची गरजच पडली नाही. कूलरच्या ताट्यांवर जमणारा पांढरा थर इथे घरोघरी खरवडावा लागतो. ब्लॉकच्या आतल्या फटी तर केसासारख्या बारीक, तिथे तो थर बसला की खेळ खलास. म्हणून शुद्ध पाण्यात तयार केलेला कूलंटच घातला.

जोडणीला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो गळतीच्या चाचणीला. मदरबोर्डचा २४ पिनांचा प्लग काढायचा, प्रोसेसरचे आणि ग्राफिक्स कार्डचे विजेचे प्लगही काढायचे, मग पॉवर सप्लायच्या त्या २४ पिनांच्या प्लगमधली हिरव्या वायरची पिन शेजारच्या काळ्या वायरच्या पिनेला तारेच्या तुकड्याने जोडायची. मग सप्लाय चालू होतो, पंप फिरतो, पण बोर्डाला वीज मिळत नाही. टाकी भर, क्षणभर पंप चालव, पातळी उतरली की पुन्हा भर. पंप कोरडा फिरला तर कामातून गेला. आत अडकलेली हवा गुडगुडत होती, म्हणून कॅबिनेट पुढे-मागे कलतं केलं. प्रत्येक जोडाखाली टिश्यू अंथरून ठेवले आणि रात्रभर तसंच चालू दिलं.

सकाळी ब्लॉकखालच्या टिश्यूवर टिकलीएवढा ओला डाग. वरवर बघता पाइप कोरडा, फिटिंग कोरडं. बोट फिरवल्यावर फिटिंगच्या खालच्या कडेला ओल लागली. खोललं तर रबराची ओ-रिंग खाचेतून अर्धी निसटून चेपलेली, कारखान्यातूनच तशी आलेली असावी. नवी बसवली आणि चाचणी पहिल्यापासून सुरू. काका तेवढ्यात दुकानात डोकावले, डाग बघितला आणि काही न बोलता मुलाकडे बघत राहिले. बोर्डाला वीज नव्हती, म्हणून नुकसान शून्य.

खरी गंमत पुढे. सगळं कोरडं ठरल्यावर रेंडर लावलं आणि स्क्रीनवर पुन्हा ९५! पोराचा चेहरा उतरला. "एवढे पैसे घालून तेच?"

त्याला तापमानाचा आकडा नव्हे, क्लॉक, म्हणजे प्रोसेसरचा वेग, बघायला लावला. आधी सोळाही कोअर कामाला लागले की तो ४.८ गिगाहर्ट्झच्या आसपास अडकायचा, आता ५.१ ला टिकून होता. ही चिप मुळात ९५ पर्यंत धावायलाच बनवली आहे. थंडाव्याला जागा दिसली की ती वेग वाढवते आणि ती जागा खाऊन टाकते. शिवाय पाणी थंडी तयार करत नाही, उष्णता फक्त रेडिएटरपर्यंत वाहून नेतं. दुकानातली हवाच ३८ असेल तर पाणी त्याखाली जाणार कसं?

मग बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, कमी विजेवर चालवणारा १०५ वॅटचा इको मोड लावून दाखवला. रेंडर थोडं हळू झालं, तापमान सत्तरीत आलं आणि पंखे जवळपास ऐकूच येईनात.

"दिवसा हे ठेवतो, क्लायंट घरी येतात. रात्री सगळं मोकळं सोडतो," तो म्हणाला. मी होकार दिला आणि टाकीतली पातळी दर महिन्याला बघायला सांगितलं. पाइपातून थोडं पाणी वाफ होऊन उडतंच. "आत लाल रंग टाकता येईल का?" हे त्याने गाडीत बसता बसता विचारलं. येतो, पण रंगाने ब्लॉक तुंबू शकतो, म्हणून मी नाहीच म्हटलं.