चौकापासून आखलेली शहरे

नवी मुंबईत राहणाऱ्याला नोड, सेक्टर, राखीव भूखंड ही भाषा इतकी अंगवळणी पडलेली असते की, शहर आधी कागदावर उतरावे आणि मग जमिनीवर, यात त्याला नवल वाटत नाही. मला ते वाटू लागले स्पेनचा राजा दुसरा फिलिप याने १५७३ मध्ये काढलेले वसाहतींविषयीचे आदेश वाचल्यावर. समुद्रापलीकडच्या मुलखात नवे गाव कुठे आणि कसे वसवावे, हे त्यात कलमवार सांगितले आहे.

आखणीची सुरुवात मुख्य चौकापासून करायची. त्याची लांबी रुंदीच्या किमान दीडपट हवी, कारण घोड्यांचे खेळ असलेल्या उत्सवांना तोच आकार सोयीचा. चौक २०० फूट रुंद आणि ३०० फूट लांब याहून लहान नसावा. ४०० बाय ६०० चा उत्तम. चारही बाजूंच्या मध्यातून एकेक मोठा रस्ता निघावा आणि व्यापाऱ्यांसाठी भोवती कमानींच्या पडव्या असाव्यात. थंड प्रदेशात रस्ते रुंद ठेवावेत, उष्ण प्रदेशात अरुंद. खाटीकखाने आणि चर्मकामाच्या जागा घाण सहज वाहून जाईल अशा ठिकाणी असाव्यात. नगररचनेच्या आजच्या विद्यार्थ्यालाही यातले फारसे काही खोडून काढता येणार नाही. अर्थात हे शहाणपण राजाला एकाएकी सुचलेले नव्हते. स्पॅनिश गव्हर्नर निकोलास दे ओवांदोने १५०२ मध्ये कॅरिबियनमधले सांतो दोमिंगो शहर ओसामा नदीच्या पश्चिम तीरावर हलवले, तेव्हाच तिथले रस्ते काटकोनात आखले गेले होते.

(याच फिलिपकडे १५८० मध्ये पोर्तुगालचीही गादी आली, त्यामुळे आपले ठाणे आणि वसई १६४० पर्यंत स्पेनच्या राजांच्या छत्राखाली होती. कारभार मात्र पोर्तुगीजांकडेच राहिला.)

त्याच आदेशांतले एक कलम वाचून मात्र मी थबकलो. गाव बांधून पुरे होईपर्यंत मूळ रहिवाशांना आत येऊ देऊ नये, म्हणजे तयार घरे एकदम पाहून ते चकित होतील आणि हे लोक इथे कायमचे राहायला आले आहेत हे त्यांना उमजेल, असे त्यात म्हटले आहे. ज्यांची जमीन, त्यांनाच प्रेक्षक करून टाकण्याची ही तजवीज होती. पेरूमध्ये तर व्हाइसरॉय तोलेदोने याच दशकात विखुरलेल्या वस्त्यांतील लाखो लोकांना उठवून चौकोनी आखणीच्या गावांत कोंबले, म्हणजे कर आणि वेठ वसूल करणे सोपे झाले.

नवी मुंबई वसवणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना १९७० ची, स्वतंत्र देशातली आणि कायद्याच्या चौकटीतली. तिची तुलना साम्राज्याशी करणे अन्यायाचे होईल. तरीही सेक्टरमधल्या रुंद, सरळ रस्त्यावरून एखाद्या गावठाणात वळले की गल्ली आक्रसते, घराला घर टेकते, ओट्यावर सुकट वाळत पडलेली दिसते, आणि आराखडा इथे येऊन थांबला हे पायांनाच कळते. शहरासाठी जमिनी गेलेल्या आगरी-कोळी प्रकल्पग्रस्तांना त्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला, तोही दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालील लढ्यानंतर आणि जानेवारी १९८४ मध्ये जासईच्या परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जणांचे प्राण गेल्यानंतर.

स्पॅनिश अमेरिकेत मात्र आराखडा आणि मूळ वस्ती यांच्यातली रेषा तितकी स्वच्छ राहिली नाही. मेक्सिको सिटी १५२१ नंतर अझ्टेकांच्या तेनोच्तित्लान या राजधानीवरच उभी राहिली. तिथला भव्य चौक जुन्या देवस्थानाला लागून आहे, आणि पश्चिमेला टाकूबा या जुन्या गावाकडे जाणारा रस्ता तळ्यातून जाणाऱ्या जुन्या अझ्टेक बांधाच्याच रेषेवर आहे. १९७८ मध्ये वीज कंपनीच्या कामगारांना तिथे खोदताना कोयोल्शाउकी देवीची प्रचंड कोरीव शिळा सापडली आणि मुख्य मंदिराचे अवशेष उघडे पडले. चौकाभोवतीचा बाजार, संतांच्या नावाने भरणाऱ्या जत्रा, संध्याकाळची रमतगमत फेरी हे सगळे आज स्पॅनिश वारसा म्हणून सांगितले जाते. पण ठरावीक दिवशी भरणारे बाजार तिथे स्पॅनिशांच्या आधीपासून होते, आणि आजही मेक्सिकोत त्यांना ‘तियांगीस’ या मूळच्या नाहुआ नावानेच ओळखतात.