तुम्हाला तर आधीच माहीत असतं!

कुठलीही बँक बुडाली की नागपुरात मला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो : "तुम्ही पेपरवाले, तुम्हाले तं आधीच माहीत राह्यते. मंग छापलं काहून नाही?" लग्नाच्या पंगतीत विचारतात, इतवारीतल्या दुकानांत विचारतात. एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलं, तेही माझा जबडा त्यांच्या ताब्यात असताना.

खरं तर बरंचसं छापलेलंच असतं. तुम्ही ते पान उलटता. 'ताबा सूचना (स्थावर मालमत्तेकरिता)' अशा मथळ्याची चौकट रोज कुठे ना कुठे असते. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, थकीत रक्कम, साठ दिवसांची मागणी नोटीस कधी दिली ती तारीख, आणि खाली चतुःसीमा : पूर्वेस रस्ता, पश्चिमेस प्लॉट क्रमांक अमुक. थकलेल्या कर्जापोटी गहाण मालमत्ता कोर्टात न जाता ताब्यात घेऊ देणारा सरफेसी कायदा आहे; त्याखाली ताबा घेतला की बँकेला ही सूचना दोन वर्तमानपत्रांत द्यावी लागते, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. मी सकाळी अग्रलेखाच्या आधी ही चौकट वाचतो. हिंगणा एमआयडीसीतले शेड दिसले तर उद्योजक अडकलाय, बेसा-मानेवाड्याचे फ्लॅट दिसू लागले तर पगारदार. गंमत म्हणजे या सूचनांचेही पैसे मिळतात. बिल्डरच्या पानभर जाहिराती आटतात तेव्हा त्याच बिल्डरच्या गिऱ्हाइकांच्या ताबा सूचना पेपर चालवायला हातभार लावतात.

काही गोष्टी मात्र खरंच छापता येत नाहीत. बँक तुमची ठेव मागाल तेव्हा द्यायला बांधलेली असते, पण तोच पैसा तिने वीस वर्षांच्या घरकर्जात घातलेला असतो. मी उद्या 'अमुक बँक डळमळीत' असं लिहिलं, तर ठणठणीत बँकेपुढेही दुपारपर्यंत रांग लागेल आणि संध्याकाळी माझी बातमी खरी ठरेल! शिवाय पुरावा कुठून आणायचा? रिझर्व्ह बँकेचे तपासणी अहवाल वर्षानुवर्षं कुलपात होते. माहिती अधिकारात ते द्यावेत असं सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१५ मध्ये सांगितलं.

पण 'बुडणार हे का नाही लिहिलं' याहून मला दुसरा प्रश्न जास्त छळतो, आणि तो कुणी विचारत नाही : बँक किंवा कंपनी चढत होती तेव्हा काय लिहिलं? होम ट्रेड आठवते का? सचिन तेंडुलकर, शाहरुख खान, हृतिक रोशन, तिघेही तिच्या जाहिरातींत. ही कंपनी नेमका धंदा काय करते, हे त्या जाहिराती पाहून कळत नसे. आणि जी जाहिरात देते तिला 'तुमचा धंदा काय' असं विचारायची माध्यमांना घाई नसते. तिच्यासह काही दलाल कंपन्यांकडे नागपूर जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने सरकारी रोखे, म्हणजे सरकारने काढलेल्या कर्जाचे कागद, घेण्यासाठी शंभर कोटींहून अधिक रुपये दिले. २००२ मध्ये उघड झालं की पैसे गेले, रोखे आलेच नाहीत. सरकारी रोख्यांइतकी सुरक्षित गुंतवणूक देशात दुसरी नाही, अट एवढीच की रोखे हातात यायला हवेत. खालच्या कोर्टाचा निकाल आला डिसेंबर २०२३ मध्ये, माजी अध्यक्षांसह सहा जणांना शिक्षा झाली. एकवीस वर्षं! मधल्या काळात काय होतं, ते काटोल-सावनेरकडच्या शेतकऱ्याला विचारा. जिल्हा बँक आजारी पडली की सोसायटीचं पीककर्ज अडतं, आणि पेरणी काही निकालासाठी थांबत नाही. मग सावकार आहेच.

मोठ्या शहरांतले शहाणेही वेगळे नसतात. रस्ते-पुलांसारख्या प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस या कंपनीवर सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज होतं आणि ऑगस्ट २०१८ पर्यंत तिला, कर्ज फेडण्याच्या क्षमतेचं, सर्वोच्च 'एएए' मानांकन होतं. सप्टेंबरात हप्ते थकले. मानांकन देणाऱ्या संस्थांची फी, लक्षात घ्या, कर्ज काढणाराच भरतो.

एवढं ऐकून घेतल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला : "ते जाऊ द्या हो, आमचे पैसे कुठं ठेवू?" सल्ला मी देत नाही, नियम सांगतो. १९६० मध्ये आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळची पालाई सेंट्रल बँक बुडाली, तेव्हा कुठे १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विमा आला, तोही १,५०० रुपयांपर्यंत. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा पाच लाख आहे. एका बँकेत एका नावावर, सगळ्या शाखा आणि व्याज धरून पाच लाख; धरमपेठेत एक खातं आणि महालात दुसरं उघडून ते दहा होत नाहीत. आणि कोपऱ्यावरच्या ज्या पतसंस्थेत बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त मिळतात म्हणून तुम्ही निवृत्तीचे पैसे ठेवलेत, तिच्या ठेवींना हा विमा लागूच नाही.